खलनायकाचा सत्कार

मन्मथ इटके यांना केदारशेठ तोडकऱ्यांवर सूड उगवायचा होता आणि त्यासाठी त्यांच्याजवळ एकच हत्यार होतं, ते म्हणजे मराठी भाषा. जलसंपदा खात्यात जन्मभर 'सविनय सादर' लिहून लिहून तिचीही धार बोथट झालेली. पण निवृत्त लिपिकाने दुसरं काय करावं? मारामारी करायला गुडघे साथ देत नव्हते आणि कोर्टात जायचं तर परळीतला बरा वकील केदारशेठचाच व्याही निघाला. राहता राहिली कादंबरी.

मूळ प्रकरण दोन ओळींत सांगण्यासारखं होतं. मन्मथरावांचे वडील, ज्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, आणि केदारशेठ असे दोघं कापडदुकानात भागीदार. अप्पा श्रीशैलच्या यात्रेला गेले. परत आले तेव्हा दुकानाला नवं टाळं होतं, वर नवी पाटी होती आणि पाटीवर एकच नाव होतं. ते अप्पांचं नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य अप्पांनी त्याच गल्लीत, समोरच्या दुकानात, दुसऱ्याच्या गादीवर बसून बायांना लुगडी उलगडून दाखवण्यात काढलं. नजर वर केली की समोर पाटी.

या दोन ओळींची मन्मथरावांनी जाडजूड कादंबरी केली. नाव ठेवलं 'टाळं'. तिच्यात वादळ होतं, विजा होत्या, पिंपळ होता आणि आभाळाकडे बघून केलेली लांबलचक स्वगतं होती. हस्तलिखित पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या हनुमानने. त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे परळीतलं बहुतेक साहित्य त्याच्या नजरेखालून जायचं.

"मन्मथराव, नाव तेवढं बदला," हनुमान म्हणाला. "अब्रूनुकसानीचा दावा टाकंल त्यो. पेन्शन जाईल."

पेन्शनचा शब्द निघताच मन्मथरावांनी केदारनाथचा बद्रीनाथ केला. एका धामावरून दुसऱ्या धामावर, एवढाच काय तो बदल. शिवाय खबरदारी म्हणून बद्रीनाथला कायमचा खोकला लावून दिला. औष्णिक केंद्राच्या राखेमुळे परळीत खोकला कुणाला नाही? पण इथे तो आतून काळवंडलेल्या आत्म्याचा खोकला होता. एखाद्या समीक्षकाच्या हे लक्षात आलं असतं, समीक्षक आला असता तर.

पुस्तक निघालं आणि मन्मथराव दाव्याची वाट बघू लागले. खरं सांगायचं तर त्यांना दावा हवाच होता. नोटीस आली असती तर वर्तमानपत्रात आली असती, फोटो छापून आला असता. त्यांनी पत्नीला, शिवकांताबाईंना, बजावून ठेवलं, "दार लगेच उघडू नकोस. आधी कोण आहे ते विचार. सध्या माझ्या जिवाला धोका आहे."

"तुमच्या जिवाला काय धोका?" शिवकांताबाई म्हणाल्या. "पुस्तक वाचलंय कुणी?"

आणि एका सकाळी बाहेर गाडी थांबली. मन्मथराव न्हाणीघरात होते.

"का बे मन्मथ, घरात हायेस का न्हाई?"

तो आवाज ओळखल्यावर मन्मथरावांनी बाहेर यायचा विचार सोडून दिला. "आंघोळ चाललीय त्यांची," शिवकांताबाई सांगत होत्या. "चालू दे की. आमी बसतो," असं उत्तर आलं. आता आंघोळ चालली आहे म्हटल्यावर पाण्याचा आवाज यायला हवा. झालेल्या आंघोळीवर मन्मथरावांनी आणखी एक आंघोळ केली, मग तिसरी सुरू केली. पण बादली संपली आणि केदारशेठ काही उठले नाहीत.

मन्मथराव बाहेर आले तेव्हा कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले केदारशेठ उभे राहिले. मन्मथरावांनी डोळे मिटून घेतले. केदारशेठने त्यांना ओल्या अंगासकट मिठी मारली.

"लई भारी लिवलंस बे! सूनबाईनं अख्खं वाचून दाखवलं. माझी दुपारची झोप गेली की! माझ्या सख्ख्या पोरानं माझ्या वाढदिवसाला एक धड होर्डिंग लावलं न्हाई, अन् तू माझ्यावर पुस्तक लिवलंस!"

"शेठजी, तो बद्रीनाथ आहे," मन्मथराव कायद्याच्या भीतीने म्हणाले.

"हां हां, बद्रीनाथ. कळलं की. आमी काय येडे हाव का?" केदारशेठने डोळा मारला.

"पण त्यात तो भागीदाराला फसवतो."

"फसवतोच की! अन् कसा फसवतो! त्या टाळ्याच्या ठिकानी तर सूनबाईला मी दोनदा वाचाय लावलं. एका टाळ्यात दुकान घ्यायचं, ऐऱ्यागैऱ्याचं काम हाय का ते? फकस्त एक सांगतो, राग मानू नको. त्या मानसाला तू सारखा खोकला लावलाय. मला खोकला न्हाई बे. पुढच्या खेपेला तेवढं काढ."

पेढ्यांचा पुडा ठेवून, शिवकांताबाईंच्या हातचा चहा पिऊन ते गेले. मन्मथराव टॉवेलवर तसेच उभे होते. सूड उगवायला निघालेल्या माणसाला पेढे मिळाले तर त्याने ते खावेत की नाहीत, याबद्दल आपल्या वाङ्मयात कुठेही मार्गदर्शन नाही. शिवकांताबाईंनी एक खाल्ला आणि बरे आहेत म्हणाल्या.

त्यानंतर पुण्याहून प्रकाशकाचा फोन आला. आजवर हा मनुष्य मन्मथरावांचा फोन उचलत नव्हता; आता स्वतः करून 'सर' म्हणत होता. सगळी आवृत्ती केदारशेठने उचलली होती. दुकानात पैठणी घेणाऱ्या प्रत्येक बाईला 'टाळं' मोफत. लग्नसराई होती. बघता बघता परळीत घराघरांत पुस्तक गेलं, आणि नवल म्हणजे बाया ते वाचू लागल्या. वैजनाथाच्या पायऱ्यांवर एक बाई मन्मथरावांना अडवून म्हणाली, "शेवटी बद्रीनाथ मरतो ते काय आवडलं न्हाई बगा. एवढा हुशार मानूस. तो भागीदार मेला असता तर चाललं असतं."

मन्मथराव कळवळले. पण इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ते स्वतः कधी सांगणार नाहीत. कळवळत कळवळत त्यांनी त्या बाईला सही दिली, आणि घरी येईपर्यंत दोनदा शीळ घातली.

मग सिरसाळ्याहून प्रविणचा फोन आला. प्रविण तिथल्या वाचक मंडळाचा अध्यक्ष, सचिव आणि बऱ्याचदा एकमेव श्रोता. "सर, 'लेखक आपल्या भेटीला' ठेवायलोय. तुमी यायचंच." मन्मथरावांनी भाषणाची तयारी सुरू केली. विषय: कादंबरीतील नैतिक संघर्ष. आरशासमोर उभं राहून त्यांनी बापाच्या अपमानाचा भाग म्हणून पाहिला तेव्हा त्यांचा त्यांनाच गहिवर आला. निघायच्या दिवशी मात्र दारात एसटीच्या ऐवजी केदारशेठची गाडी. "मी बी तिकडंच चाललो. बस बे."

सिरसाळ्यात चौकातच बॅनर लागलेला होता. अर्ध्या बॅनरवर केदारशेठ हात जोडून उभे, खाली ठळक अक्षरांत 'टाळं या गाजलेल्या कादंबरीचे नायक'. लेखकाचा फोटो कोपऱ्यात होता, ओळखपत्रावर असतो तेवढा, आणि तो ओळखपत्रावरूनच घेतलेला होता. गळ्याजवळ जलसंपदा खात्याचा अर्धा शिक्का दिसत होता.

मन्मथरावांनी प्रविणला बाजूला घेतलं. "हे नायक काय आहे? तो खलनायक आहे!"

प्रविण खाली बघत म्हणाला, "सर, मंडप त्यांचा हाय. चहा-पोहे त्यांचे हायेत. खलनायक कसं लिवावं?"

सभा भरगच्च. मन्मथराव नैतिक संघर्षावर बोलले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, जसं राष्ट्रगीताआधी थांबतात तसं. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मंडपात जीव आला. पहिला प्रश्न: "टाळं कोन्त्या कंपनीचं होतं?"

मन्मथरावांनी माइक तोंडाशी नेला, पण प्रश्न त्यांना नव्हता. केदारशेठ म्हणाले, "अलीगढचं. हैदराबादेहून आनलं होतं. परळीत असलं टाळं त्या वक्ताला कुनाकडं न्हवतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका व्यापाऱ्याने विचारलं, भागीदारीत जायचं तर काय काळजी घ्यावी. केदारशेठने सविस्तर सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "त्या भागीदाराला संशय कसा आला न्हाई?"

केदारशेठ हसले. "भोळं होतं ओ ते. लई भोळं. देवमानूस."

सगळा मंडप हसला. त्यात वाईट कुणालाच काही वाटलं नाही; गोष्टीतल्या भोळ्या माणसाला लोक हसतातच. मन्मथराव स्टेजवर बसले होते. आपण उठून निघून जावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण अजून सत्कार व्हायचा होता, आणि परत जायला गाडी केदारशेठचीच होती. शाली दोन आल्या. जाड होती ती केदारशेठच्या खांद्यावर पडली.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "दुसरा भाग लिहिणार. याने आणखी किती जणांना बुडवलं ते सगळं शोधून काढणार. नावानिशी. खऱ्या नावांनी."

"पेन्शन?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"गेली खड्ड्यात."

शिवकांताबाईंनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे जरा नीट पाहिलं.

नारायणगडाच्या अलीकडे एका गावात मोहनराव नावाचे शेतकरी होते. त्यांची रस्त्यालगतची जमीन केदारशेठने गोड बोलून घशात घातल्याचं मन्मथरावांच्या कानावर आलं होतं. हे संशोधन गुप्त ठेवायचं होतं, म्हणून त्यांनी ते फक्त हनुमानला सांगितलं. निघाले तो नेमका गडावरच्या गर्दीचा दिवस. एसटीत पाय टेकवायला जागा नव्हती. कंडक्टरपासून सगळे त्यांना भक्त समजत होते. एका म्हातारीने आपली नारळाची पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि ती स्वतः दांड्याला धरून उभी राहिली. पिशवी परत द्यायला गर्दीत म्हातारी सापडेना, तेव्हा मन्मथराव एका फाट्यावर परक्याचे नारळ घेऊन उतरले.

फाट्यावर एक फेटेवाले गृहस्थ उभे होते. "तुमीच का कादंबरीवाले?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"शेठचा फोन आलता. म्हनले, आमचा लेखक यायलाय, त्याला काईबी लपवून ठिवू नका. जमिनीचं प्रकरन सगळं सांगा, लई रंगतदार हाय." मोहनरावांनी नारळ हातातून घेतले. "आन् हे कावून आनलं? उगं खर्च."

मोहनरावांनी खरोखरच काही लपवलं नाही. बांधावर उभं राहून, हातवारे करून, केदारशेठचा आवाज काढून त्यांनी आपण कसे नागवले गेलो ते इतकं रंगवून सांगितलं की चार शेजारी ऐकायला जमले. मध्येच त्यांनी विचारलं, "पिच्चर निघाला तर माझं काम कोन करंल?"

"मोहनराव, तुम्हाला राग नाही का येत त्याचा?"

"येतो की. लई येतो." मोहनरावांनी बांधावरचं ढेकूळ पायाने फोडलं. "पर आमचा भारत त्यांच्याच दुकानात हाय नोकरीला. राग आला तरी ठिवावा कुटं?" मग लगेच म्हणाले, "त्याचं बी नाव येऊ द्या पुस्तकात. भारत मोहनराव."

चुलीपुढे त्यांची बायको वत्सलाबाई भाकरी थापत होती. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. मन्मथराव जेवून उठले तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव नगा टाकू." का, ते तिने सांगितलं नाही आणि मन्मथरावांना विचारायचा धीर झाला नाही.

परळीत पोहोचले तोवर तिथे पुढची तयारी झालेली होती. केदारशेठने दुसरी आवृत्ती स्वखर्चाने काढायला घेतली होती; खोकला वगळून. प्रकाशन मंगल कार्यालयात, लेखक आणि नायक यांचा जाहीर सत्कार, नंतर जेवण. मन्मथरावांनी ठरवलं की बस, आता हेच ठिकाण. माइक हातात येईल तेव्हा जे आहे ते बोलायचं.

निघताना त्यांची आई सरस्वतीबाई चप्पल घालून दारात उभी. ती आजवर कुठल्याच कार्यक्रमाला आली नव्हती. तिला वाचता येत नव्हतं आणि ऐकूही कमी यायचं. "तुज्या अप्पांचं पुस्तक हाय म्हनतेत," ती म्हणाली. "मला ने."

तिला पहिल्या रांगेत बसवलं. भाषणं झाली. कुणीतरी केदारशेठला 'परळीचं वैभव' म्हणालं. मग मन्मथरावांचं नाव पुकारलं गेलं.

"माझ्या कादंबरीत या प्रसंगाला वादळ आहे," ते म्हणाले. "ते खोटं आहे. त्या दिवशी हवा चांगली होती. माझे वडील श्रीशैलहून आले तेव्हा त्यांच्या हातात प्रसादाची पिशवी होती. त्यातला अर्धा प्रसाद केदारशेठच्या घरासाठी होता. टाळं बघून ते उभे राहिले. शेजारच्याने स्टूल दिलं, ते बसले. बऱ्याच वेळाने केदारशेठ आले. वडिलांनी त्यांना विचारलंच नाही काही. प्रसाद दिला. केदारशेठनी तो कपाळाला लावला, टाळं उघडलं आणि आत गेले. आतून कडी लावली. हा तो माणूस आहे. तो बद्रीनाथ नाही. इथे बसलाय."

जन्मात पहिल्यांदा मन्मथराव विशेषणाशिवाय बोलले होते. कार्यालयात इतकी शांतता पसरली की मागे भटारखान्यात पुऱ्या तळल्याचा आवाज येऊ लागला. आचाऱ्यालाही ते जाणवलं असावं, तोही थांबला. मन्मथरावांच्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं.

केदारशेठ उठले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. खरं होतं की काय कोण जाणे, बहुधा खरंच असावं, अशा माणसांना खरं रडू येतं. ते स्टेज उतरून सरळ पहिल्या रांगेकडे गेले आणि सगळ्यांदेखत सरस्वतीबाईंच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

"वैनी, माफ करा मला!"

मंगल कार्यालय उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सूत्रसंचालकाने धावत जाऊन माइक धरला, "मित्रहो, एवढा मोठा माणूस! केवढं हे मन! धन्य ते केदारशेठ!" बाया पदराने डोळे पुसत होत्या.

सरस्वतीबाईंनी पाय खुर्चीखाली ओढले. ते सुटले नाहीत. त्या वाकून म्हणाल्या, "पाय सोड बाबा. दुकान सोडलं न्हाईस, पाय तरी सोड."

हे त्या गलक्यात फक्त तिघांनी ऐकलं: केदारशेठने, शिवकांताबाईंनी आणि धावत खाली आलेल्या मन्मथरावांनी. केदारशेठने पकड सोडली नाही. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. "आजी, इकडं बघा. आशीर्वाद द्या ना. सर, आजींचा हात जरा शेठच्या डोक्यावर घ्या. एकच सेकंद."

सगळं सभागृह बघत होतं. मन्मथरावांना जन्मभर कुणीतरी 'जरा' आणि 'एकच सेकंद' म्हणत आलं होतं आणि ते करत आले होते. त्यांनी आईचा हात उचलला आणि केदारशेठच्या डोक्यावर ठेवला. हात जड नव्हता. त्याने विरोधही केला नाही. फ्लॅश उडाला.

केदारशेठची गाडी सोडायला तयार होती, पण शिवकांताबाईंनी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि सासूला धरून आत बसवलं. जेवण न घेताच सगळे घरी आले. शिवकांताबाई रिक्षाभर दुसऱ्या बाजूला बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तोच फोटो. सकाळीच प्रकाशकाचा फोन आला. "सर, काय प्रसंग! काय भाषण! ते भाषण आपण शेवटचं प्रकरण म्हणून घेऊ. आणि तो फोटो मुखपृष्ठावर."

"नाही," मन्मथराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "अजिबात नाही. तो फोटो नाही, ते प्रकरण नाही, ते पुस्तकच नको मला. बंद करा ते. मी लेखक आहे त्याचा."



"ठीक आहे सर," प्रकाशक समजूतदारपणे म्हणाला. "मी शेठजींना विचारून घेतो."

मन्मथरावांनी फोन ठेवला. सरस्वतीबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. फोनवरचं त्यांना ऐकू आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मन्मथराव त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सोलता सोलता सरस्वतीबाईंनी विचारलं, "मन्मथ, पुस्तकात तू केदारचं नाव बदललंस म्हनं?"

"हो, आई."

"मंग ह्यांचं काय ठिवलंस?"

नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. मन्मथरावांनी मान खाली घातली. "विश्वनाथ."

सरस्वतीबाईंनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग दुसरी घेतली.

"मंग ते दुसरंच कुनी हाय," त्या म्हणाल्या. "बरं झालं."